मागची बाई

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
१३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

वृंदावन्सं यांना कुमुदचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडून टाकू नका, आधी वाचा. तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून लिहायला बसले. शाळा माझी चौथीपर्यंतची, चुका होतील, त्या सोडा. तुमचे गुडघे कसे आहेत? सांगलीला थंडी पडली का? इथे थंडी कमी आणि धूरच जास्त. उत्तरा सारखी खोकते. माझी शिपायाची नोकरी चालू आहे, दिवसभर फायली वर न्या, फायली खाली आणा. तुम्ही येऊन राहिला होतात ते जुनं क्वार्टर पाडलं. आता आम्ही सातव्या मजल्यावर. झाली खुशाली.

उत्तराचं सांगायचं आहे. अकरावीत गेली. मीडिया म्हणून विषय घेतला आहे. मी म्हटलं, मोबाइल बघायला शाळेत कशाला जायला पाहिजे? तर म्हणे, "आई, बघायचं नाही, बनवायचं. बिल्कुल वेगळं असतं." खरंच बनवते हो. मोबाइलवर कोण कुठली कोरियातली मुलगी आवाज कापायला शिकवते, तिचं बोलणं हिला एक अक्षर कळत नाही, नुसते हात बघून शिकते. आवाजातून आवाज वेगळा काढते. पंखा वेगळा, माणूस वेगळा, रस्त्यावरचा हॉर्न वेगळा. त्याला ती 'सोलणं' म्हणते. मराठीत बरोबर शब्द काय ते तिलाही माहीत नाही आणि मलाही.

मॅडमनी सांगितलं, घरातला एक जुना आवाज घ्या आणि तीन मिनिटांची फिल्म करा. हिने माझ्या कपाटातला जुना फोन काढला. त्यात यांचा आवाज आहे.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. चहा केला, ओटा पुसला, पुसलेला परत पुसला. आता लिहून टाकते.

वन्सं, मी तुम्हाला आणि पोलिसांना सांगितलं की हे दही आणायला गेले ते आलेच नाहीत, जाताना काही बोलले नाहीत. ते खोटं. मला यांची व्हॉइस नोट आली होती. "कुमुद, येतो मी." एवढंच. पुढे सगळी खरखर.

उत्तराने फिल्ममध्ये त्या शब्दांखाली हिंदीत लिहिलं, आ रहा हूँ. मी भडकले. म्हटलं, "खुळे, दिल्लीत राहून मराठी विसरलीस. आपल्यात निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. ते निघाले होते. निरोप होता तो."

"तुला कसं माहीत?"

"मला नाही तर कुणाला?"

"थांब, सोलून बघते," म्हणाली.

दोन दिवस कानाला ते मोठे हेडफोन लावून बसली. मंगळवारी मला बोलावलं आणि ते माझ्या डोक्यावर घातले. आधी यांचा आवाज. इतका जवळून, की मी मान वळवून बघितलं. येतो मी. मग कुकरची शिट्टी. मग दाराआडून एक बाई ओरडते, "उत्तरा, वरची कडीपण लाव गं!" मग काहीतरी घासत गेल्यासारखं, आणि टक.

"किती साफ टक आहे ना?" उत्तरा म्हणाली. "फिल्म यावरच सुरू करणार. ही मागची बाई ठेवू की काढू?"

माझं नाव घेऊन विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "काढ."

आता ऐका काय झालं होतं ते. त्या वर्षी हे दिवस दिवस भिंतीकडे बघत बसायचे. डोकं जड झालंय म्हणायचे. ऑफिसला दांड्या. मी म्हणायचे, नाटकं पुरे. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायला वेळही नव्हता. त्या रविवारी दही आणायला पाठवलं, ते तीन तासांनी रिकाम्या हाताने आले. मी त्यांना खिडकीतून येताना पाहिलं आणि खालची कडी घातली. त्यांनी दार वाजवलं. मी उघडलं नाही. उलट त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हटलं, वरचीपण लाव. मग फोन वाजला, नोट आली. मला वाटलं, कडी ऐकून रागावले, निघाले. जा म्हटलं कुठे जायचं तिथे. जिन्यावर चपला वाजल्या नाहीत, तेही मला कळलं होतं. तरी मी भाजी फोडणीला टाकली. जेवायच्या वेळी दार उघडलं, तर कुणी नव्हतं.

नऊ वर्षं मी याच हिशेबावर जगले, की आधी वरची कडी वाजली आणि मग त्यांनी निरोप घेतला. पण सोललेल्या आवाजात उलटं आहे, वन्सं. येतो मी, हे आधी आहे. कडी नंतर. दारात उभं राहून माणूस येतो म्हणतो तेव्हा तो निरोप घेत नसतो. आत येऊ का म्हणत असतो. माझ्यापेक्षा जास्त मराठी त्या पोरीला कळली.

आणि वरची कडी कुणाच्या हाताने लागली, ते तुम्ही ओळखलंच असेल. घरात तिसरं होतं कोण? सात वर्षांची होती. तुम्ही मला म्हणालात, माझ्या भावाला तू घालवलंस. म्हणालात ते बरोबर. पण नोटेचं मी लपवलं ते स्वतःला वाचवायला नाही. अर्धं स्वतःला, खरं सांगते. अर्धं तिला.

काल मी ठरवलं. आधण ठेवता ठेवता पाठमोरी राहून म्हटलं, "उत्तरा, ती मागची बाई मी आहे. कडी मी लावली होती."

ती लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "वरच्या कडीला माझा हात पोचत नव्हता आई. मी स्टूल ओढलं होतं. ते घासल्यासारखं आहे ना, ते स्टूल आहे. मी ते वेगळं काढून ठेवलंय. ऐकवू?"

तिला सगळं आठवतं, वन्सं. ही फिल्म ती मॅडमसाठी करत नव्हतीच. ती बाई ठेवू की काढू, ते तिने मला विचारलं आणि मी काढ म्हटलं.

मी पुष्कळ बोलले. पोरी, तू लहान होतीस, मी सांगितलं म्हणून तू केलंस. ती नुसती अच्छा म्हणते. माझ्या बोलण्यावर तिचा भरवसा नाही, आणि का असावा? रात्री झोपताना दाराची कडी ती बघून येते, लागली नाही ना ते. शनिवारी बावीसला शाळेत सगळ्यांसमोर फिल्म दाखवणार आहेत. त्यात बाई ठेवली आहे, स्टूलही ठेवलं आहे. मी नको म्हटलं नाही.

मला माफ करू नका, मी मागतही नाही. शिव्या घालायच्या त्या घाला. पण तिचा फोन येईल तो उचला. मी नंबर दिलाय तिला. तुम्ही यांच्या सख्ख्या बहीण. तुम्ही तिला म्हणा, की बाबांनी तुला दोष दिला नसता. मी म्हटलं तर ती माझीच सारवासारव होते. तुम्ही म्हटलंत तर त्यांच्या घरातलं कुणी बोललं असं होईल. हे तुमच्याशिवाय आता कुणीच करू शकत नाही, नाहीतर तुमच्या पाया पडायला मी कागद घेतला नसता.

नावामागे सौ. लिहायचं की श्रीमती, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही, म्हणून नुसतीच,

कुमुद