धर्मेंद्र सरांचा आवाज

५ मे
आज ऑफिसात धर्मेंद्र सरांचा आवाज ऐकला. भर दुपारी. ज्यांच्या तेरवीला मार्चमध्ये हिंगण्याला जाऊन आले, त्यांचा!

नवी मशीन आली आहे. ज्यांच्या बँक खात्याचे ओळखीचे कागद द्यायचे राहिलेत, त्यांना आता तीच फोन करणार. आजवर आम्ही करायचो. अमोल सरांनी नमुना म्हणून स्पीकरवर लावली. 'नमस्कार' म्हणायच्या आधी सर हळूच खाकरायचे — तेसुद्धा होतं! कोणी मान वर केली नाही. मग टाळ्या झाल्या.

मीही वाजवल्या.

६ मे
अमोल सर आमचे मॅनेजर. त्यांना विचारलं. म्हणाले, "बेस्ट कॉलर होता आपला. आवाज वापरायला सही दिली होती त्यानं. घरातला माणूस घरातच राहिला, असं समज."

घर! गेले त्या दिवशी धर्मेंद्र सर म्हणत होते, छातीत दुखून राहिलं. तेव्हा हेच अमोल सर म्हणाले होते — "चालू कॉल संपव, मग जा." सरांनी संपवला. 'आपला दिवस शुभ जावो' म्हणाले आणि खुर्चीतच कलंडले.

८ मे
मशीनचे कॉल तपासायचं काम माझ्याकडे आलं. दिवसभर सर कानात. घरी आईनं हाक मारली तर दचकले.

११ मे
वच्छलावहिनींचा फोन. सरांची बायको.

"दीक्षा, यायचा, तुह्या सरायचा, फोन आला होता वं मले."

त्यांचेही कागद राहिलेत म्हणे!

"म्या म्हटलं, कुठी आहा तुम्ही? तर म्हणते, माफ करा, मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का? मंग मी पुन्हा सांगतलं. लय डाव सांगतलं."

रडत नव्हत्या. तेच जास्त भयंकर वाटलं. म्हटलं, वहिनी, मी बंद करवते हे. त्यांनी फोन ठेवला.

१२ मे
वहिनींचा कॉल आज माझ्याच तपासणीत आला. त्यांचं "हॅलो" ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. पुढचं ऐकवलं नाही.

१५ मे
अमोल सरांना लिहून दिलं. आवाज काढा, नाहीतर राजीनामा देते आणि बाहेर जाऊन सगळं सांगते. अमोल सर नुसते हसले. "विचार कर. बाहेर सध्या नोकऱ्यांचे काय हाल आहेत, माहीत आहे ना?"

जेवायच्या सुटीत काजलनं डबा उचलला, दुसऱ्या टेबलावर गेली. इतकी वर्षं सोबत जेवतो आम्ही! आजूबाजूला सगळे बोलत होते. मी पाहिलं की गप्प.

१९ मे
घरचा हप्ता, आईची औषधं. नोकरी गेली तर? पण कानात तो आवाज घेऊन कसं जगायचं!

२२ मे
काढला!! मुंबईच्या हेड ऑफिसातून मेल आला. आता कोण्या बाईचा आवाज आहे. अमोल सर माझ्याकडे बघत नाहीत. न बघोत. आज पोटभर जेवले.

२४ मे
हिंगण्याला गेले, वहिनींना स्वतः सांगायला. ऐकून घेतलं त्यांनी. मग फोन हातात घेतला.

"कागद तं कवाचेच तयार हायेत माह्याजवळ. मुद्दामच देऊन नव्हती राहिली मी. दिले असते तं फोन आला असता का? काहून बंद केलं वं तुनं?"