चाळिसाव्या पानावरची खाडाखोड

मी, खाली सही करणारी, निवृत्त क्रीडाशिक्षिका, मुलींच्या तोंडी ‘बाई’ आणि माझी पाठ वळली की ‘शिट्टी’, वय वर्षे सहासष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मन स्थिर आहे असेही लिहायचे असते, असे वकीलबाई म्हणाल्या. ते मी लिहिणार नाही. बुद्धी ठिकाणावर आहे, मनाचे विचारू नका. गुरुवारी सकाळी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी एकाच भेटीत तीनदा सांगितले, “घाबरण्यासारखं काही नाही.” एकदाच सांगितले असते तर माझा विश्वास बसला असता.

वकीलबाईंची आणखी एक ताकीद आहे. खाडाखोड करायची नाही. चुकले किंवा मत बदलले तर आधीचे तसेच ठेवून पुढे नवे कलम लिहायचे. आज सोमवार. मी बसले आहे.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचे आमचे दोन खोल्यांचे घर आम्हा दोघांच्या नावे आहे. त्यातला माझा हिस्सा माझ्या यजमानांना मिळावा आणि त्यांच्यानंतर सगळे घर आमच्या एकुलत्या लेकीला. यजमानांनी झोपण्यापूर्वी गॅसचे बटण दोनदा तपासावे. मी चारदा तपासते, पण त्यांच्याकडून तेवढी अपेक्षा नाही. बँकेत जे काही आहे तेही त्यांचेच. कागद कपाटात, चादरींच्या खाली आहेत. तिथे नसतील तर चादरींच्या मध्ये असतील, कारण मी ते सारखे काढून बघते.

कलम २. चार शिट्ट्या, वेळ मोजायचे घड्याळ आणि हवा भरायचा पंप शाळेच्या सध्याच्या क्रीडाशिक्षकांना द्यावा. पंपाची सुई त्यांनी आपल्या खिशात ठेवावी, भांडारात कदापि नाही. शाळेच्या भांडारपालाने एकतीस वर्षे मला अर्धी हवा गेलेले चेंडू दिले आणि दर वेळी “कालच भरलेत, बाई” असे सांगितले. त्याला माझ्याकडून काहीही मिळू नये. समाचाराला आला तर पाणी विचारावे, त्यापुढे काही नाही.

कलम ३. कोटाची पाच काळी आणि शर्टाची पाच पांढरी बटणे यजमानांना परत करावीत, कारण ती त्यांचीच आहेत. ते शिंपी आहेत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर खेळाचे डाव मांडताना काळी बटणे माझा संघ असत आणि पांढरी समोरचा. एका गिऱ्हाइकाचा कोट माझ्यापायी दोन बटणे कमी घेऊन गेला. गिऱ्हाइकाने आकाशपाताळ एक केले. यजमानांनी मला चकार शब्द ऐकवला नाही, उलट काळ्या बटणांतले मधले कुठे सरकवावे ते सुचवले. सूचना चुकीची होती.

कलम ४. आता वह्या. सोळा वह्या आहेत, त्यांत बास्केटबॉलचे दोनशे बारा डाव आहेत, सगळे माझे. ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिते. आपली एक मुलगी बचाव करणारीच्या वाटेत खांबासारखी उभी राहते, तिला आम्ही ‘स्क्रीन’ म्हणतो. दुसरी तिला अगदी खांदा घासून वेगाने वळण घेते, तो ‘कट’. पाठलाग करणारी खांबाशी अडते, कट घेणारी क्षणभर मोकळी सुटते आणि चेंडू नेमका त्या क्षणी तिच्या हातात यावा लागतो. बाकी सगळी उस्तवार त्या एका क्षणासाठी असते. माझ्या प्रत्येक डावाखाली ‘जर’ लिहिलेले आहे. जर पाठलाग करणारीने वळसा घातला तर काय, जर बचाव करणाऱ्या दोघींनी आपापसांत खेळाडू बदलून घेतल्या तर काय. लोकांना माझ्या वह्या हुशारीच्या वाटल्या. खरे तर त्या भित्र्या बाईच्या वह्या आहेत.

पंधरा वह्या लेकीला द्याव्यात. ती सहा वर्षे मुलींच्या संघाला शिकवते आहे आणि माझ्यापेक्षा बरी शिकवते. अकरावी वही यजमानांनी माझ्यानंतर, पुढचे कलम वाचून झाल्यावरच तिच्या हाती द्यावी. तिने ती तीनदा मागितली आहे. मी तीनदा सांगितले की सापडत नाही. ती माझ्या उशीखाली आहे.

कलम ५. हे कलम माझ्या लेकीसाठी आहे.

बाळ, त्या वहीच्या चाळिसाव्या पानावर ‘दार’ नावाचा डाव आहे. एकोणीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यात आपण तो खेळलो. तू सतरा वर्षांची होतीस आणि स्क्रीन तुझी होती. ज्या मुलीला आपण दिसत नाही, तिच्या पाठीमागे उभे राहायचे तर तिला एक पाऊल जागा सोडावी लागते. हा नियम मी दर वर्षी पहिल्याच आठवड्यात शिकवायची. आधी डाव तसाच काढला होता. पण सरावात ते एक पाऊल मिळाले की पाठलाग करणारी अंदाज घेऊन वळसा मारायची आणि दार काही उघडायचे नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी मी ती पावलाची खूण खोडली आणि तुझी खूण तिच्या पाठीला टेकवली. तुला सांगितले, “इथेच उभी राहा, केसभरही मागे नको.” तू तिथेच उभी राहिलीस. ती मुलगी मागे न बघता उलट्या पावली वेगाने सरकली, तुझ्यावर आदळली आणि तिच्या सगळ्या वजनासकट तुझ्या गुडघ्यावर पडली.

रुग्णालयात तू मला विचारलेस, “आई, माझं काय चुकलं?” मी म्हणाले, “पाय जवळजवळ ठेवलेस, रुंद ठेवायला हवे होतेस.”

ते खोटे होते. तुझे पाय बरोबर होते. माझे पान चुकीचे होते. पंचांवरही मी खापर फोडले आणि चारचौघांत त्यांच्याशी बोलणे टाकले. त्यांची त्यात काही चूक नव्हती. मला वाटले होते, तू बरी झालीस की सांगेन. मग तू जिना कडेने, कठड्याला धरून चढायला लागलीस आणि माझी जीभ उचलेना. गेल्या महिन्यात तुझा सराव बघायला आले होते. दारातच थांबले, कारण तू एका मुलीवर ओरडत होतीस, “पाय रुंद! मी चुकले तशी चुकू नकोस!” मी तशीच घरी आले. तुला वाटले मी आलेच नाही.

कलम ६. सोमवार, जेवणानंतर. शुद्धलेखन बघायला म्हणून यजमानांना हे वाचायला दिले. कलम पाच त्यांनी दोनदा वाचले. चष्मा काढून पुसला.

“अगं, हे तिनं कधी वाचायचं?”

“मी गेल्यावर.”

“वा! म्हणजे तू मोकळी. आणि तिला दोन शब्द सुनवायचे असले तर तिनं कुठं जायचं?”

मी म्हणाले की मला भीती वाटते. ते म्हणाले, “ती तर तुला गॅसच्या बटणाचीही वाटते. तरी आपण जेवतोच ना.” मग ते उसवलेली बाही घेऊन बसले. मला त्यांचा राग आला. त्यांचे बरोबर होते म्हणून जास्त आला.

कलम ७. मंगळवार. लेक रुग्णालयाची पिशवी भरायला आली. मी टॉवेल घडी करत होते, तोच एक टॉवेल पाचदा. शेवटी मी कलम पाच तिच्या हातात दिले आणि उशीखालची वही टेबलावर ठेवली. मला तोंडाने सांगता आले नाही, हे इथे कबूल करते.

तिने वाचले. वही उघडली, चाळिसावे पान खिडकीकडे धरले. खोडलेली खूण उजेडात दिसते.

“एकोणीस वर्षं, आई,” ती म्हणाली. “मी आरशासमोर उभी राहून पायांतलं अंतर मोजायचे. लग्न झाल्यावरसुद्धा. न्हाणीघरात इतका वेळ काय करतेस, असं हे विचारायचे.”

मी काहीतरी बोलायला गेले. ती म्हणाली, “आत्ता नको,” आणि गॅलरीत गेली. यजमानांचे शिवणयंत्र थांबले होते. मी खुर्चीवर बसून होते आणि मनात येत होते, हिने आता चप्पल घातली की संपले. गुरुवारपर्यंत ही यायची नाही, आणि गुरुवारनंतर मी असेन की नाही कोण जाणे.

ती आत आली. बटणांचा डबा ओढला आणि टेबलावर ‘दार’ मांडले. काळे बटण पांढऱ्याच्या पाठीपासून एक पाऊल मागे घेतले.

“इथं?”

“इथं.”

“मग पाठलाग करणारी वळसा घालते.”

“घालते. म्हणून तर मी...”

“थांब. वळसा घालते म्हणजे तिला उशीर होतोच. कट घेणारीला रोखायला कोण धावतं?”

मी बघितले. “स्क्रीनवालीवर लक्ष ठेवणारी.”

“मग स्क्रीनवालीला कोण धरतं?”

कोणीही धरत नव्हते. काळे बटण मोकळे होते, बास्केटपर्यंत वाट रिकामी होती. दोनशे बारा डाव काढले, प्रत्येकाखाली ‘जर’ लिहिले, आणि स्क्रीनवालीकडे चेंडू द्यावा हे मला एकदाही सुचले नाही.

“खांब म्हणून उभी केलीस,” ती म्हणाली, “की मग तिच्याकडे बघायचंच नाही, असं होतं का तुझं?”

मी हो म्हणाले. मग मला रडू आले. तिने माझ्या पाठीवर हात वगैरे फिरवला नाही. पेन घेतले आणि एक्केचाळिसाव्या पानावर नवे ‘दार’ काढले, तिच्या अक्षरात, शाईने.

जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, “मी तुला माफ केलं असं त्यात लिहू नकोस. केलेलं नाही. मला खूप बोलायचंय तुला, आणि तू तिथून धड बाहेर यायचंस. भूल उतरली की मी सुरू करणार आहे.”

म्हणून तसे लिहिलेले नाही.

कलम ८. अकरावी वही मी आज जिवंतपणी दिली आहे, सबब कलम चारमधून ती वगळावी. कलम पाच आता कोणाला वाचून दाखवू नये, जिच्यासाठी होते तिने वाचले. पंचांना मी उद्या सकाळी स्वतः फोन करीन. वकीलबाई म्हणतील की मृत्युपत्रात असे लिहीत नाहीत, तरी लिहिते. मला गुरुवारी मरायचे नाही. कालपर्यंत मला मरणाची फक्त भीती वाटत होती. आज मला लेकीचे बोलणे ऐकायचे आहे, सगळे, कितीही लागो.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे. सही वाकडी आली आहे, पण ती माझीच सही आहे, याबद्दल कोणी वाद घालू नये.

सही: बाई

साक्षीदार, ज्यांच्या डोळ्यांदेखत ही सही झाली आणि ज्यांना यातून काहीही मिळणार नाही:
१. खालच्या मजल्यावरचे औषधविक्रेते (सही)
२. शाळेच्या ग्रंथपालबाई (सही)

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधीचा मंगळवार, संध्याकाळी साडेसहा