शेळगावच्या म्हशी आणि रविवारच्या पिशव्या

बारामती, मंगळवार

आदरणीय साडूभाऊ दिग्विजयराव यांना रविराजचा वाकून नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? सुप्रियाताई आणि मुलं मजेत असतील. दुकानात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांना गिऱ्हाईकही बरं असेल. मी इथे बरा आहे (झोप लागत नाही, एवढं सोडून). फोन न करता पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुमची फोन स्पीकरवर ठेवून बोलायची सवय चांगलीच आहे, पण त्यामुळे सगळं सुप्रियाताईंना ऐकू जातं आणि मी फोन ठेवायच्या आत ते त्यांच्या माहेरी शेळगावला पोचलेलं असतं. म्हणून आमच्या पाळीतला यशराज, जो तुमच्या सुप्याहून मोटरसायकलवर एमआयडीसीत कामाला येतो, त्याच्या हाती हे पत्र तुमच्या दुकानावर पाठवत आहे. विशेष काही काम नाही. सहज आठवण आली.

माझी श्रेया सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली, हे तुम्हाला माहीत आहेच. इथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला दोनदा बजावलं होतं, की या दिवसांत निरसं दूध तोंडाला लावायचं नाही, तापवूनच प्यायचं. आणि आपले सासरे सर्जेराव आबा कसे आहेत, ते तुम्हाला मी काय सांगणार? सकाळी म्हशीची धार काढली, की फेसासकट भरलेला पेला लेकीपुढे. तापवलं की दुधाचा जीव जातो, असं ते पूर्वी वडिलांच्या सांगण्यावरून म्हणायचे. आता मोबाईलवर कोट घातलेला कोणी माणूस तेच सांगतो, त्यामुळे त्यांची बाजू फारच बळकट झाली आहे. मी दूध डेअरीत पिशव्या भरायच्या मशिनवर आहे. शिक्षण अकरावीतच सुटलं, पण दूध बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद का तापवतात, हे मी रोज भिंतीवरच्या फलकावर वाचतो. तेव्हा एका रविवारी धीर करून गोठ्यातच आबांना जंतूंची सगळी माहिती दिली. त्यांनी ती मन लावून ऐकली. मग माझ्याच हातात पेला ठेवला आणि म्हणाले, "बोलून दमला आसाल जावईबापू. घ्या." जावई माणूस, नाही कसं म्हणणार? प्यालो. (आणि पोट अजिबात बिघडलं नाही. एवढी पंचाईत माझी कधी झाली नव्हती. बिघडेल म्हणून मी संध्याकाळपर्यंत तिथेच थांबलो.)

मग मी दर रविवारी डेअरीच्या दुधाच्या दोन पिशव्या रेनकोटात गुंडाळून नेऊ लागलो. ज्या घरी सहा म्हशी, त्या घरात जावयाने दूध न्यायचं, तेही चोरून. एखाद्या घरातून काही चोरून आणणं सोपं असेल, चोरून आत नेणं फार अवघड आहे. श्रेयाच्या हाती पिशव्या देऊन हळूच सांगायचो, की तू हेच पी आणि रिकाम्या पिशव्या उकिरड्यात खोल पुरून टाक. तिने पुरल्याही. पण गेल्या आठवड्यात आबांच्याच कुत्र्याने त्या उकरल्या आणि एक तोंडात धरून ते थेट गावच्या दूध संकलन केंद्रापुढे जाऊन बसलं, ऐन सकाळी, सगळे कॅन घेऊन रांगेत उभे असताना. आबा त्या दूध संस्थेचे चेअरमन, आणि ती खुर्ची झुंबरतात्यांना हवी आहे, हे तुम्ही जाणता. तात्यांनी पिशवी काडीने उचलून रांगेला दाखवली आणि आबांना विचारलं, "काय सर्जेराव, तुमच्या म्हशी आता पिशवीतच देत्यात व्हय?"

झालं. चेअरमन पिशवीचं दूध कॅनमध्ये ओतून दूध वाढवतात, असं गावभर पसरलं. आता पिशवीचं महाग दूध विकत घेऊन स्वस्तात डेअरीला घालायचं, म्हणजे पदरचेच पैसे जायचे. तोट्यात भेसळ करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. पण हा हिशेब कोणी करत नाही. (मी केला, पण सांगू कुणाला?) गुरुवारी दुपारी संस्थेची सभा आहे. पिशव्या कुठून आल्या ते सांगा, नाहीतर खुर्ची सोडा, असं सभासदांचं म्हणणं आहे. आबा केंद्राकडे फिरकत नाहीत, कॅन गड्याबरोबर पाठवतात. परवा सासूबाई मला म्हणाल्या, "जेवत न्हाईत ओ. ताटावर बसत्यात आन तसंच उठत्यात." खरं काय ते सांगितलं, तर आबा सभेत सुटतील, पण आपली लेक आपल्या म्हशींचं दूध नाकारून, आपल्याच घरात, जावयाने आणलेलं पिशवीचं दूध पिते, हे त्यांना कळेल, आणि श्रेयाला अजून दोन महिने त्याच घरात काढायचे आहेत. असो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तब्येतीला जपा. सुप्रियाताईंना नमस्कार सांगा (पत्र दाखवू नका).

तुमचा धाकटा साडू,
रविराज

ता. क. एक लहानसं काम होतं. त्या पिशव्या तुम्ही आणल्या होत्या, असं म्हणाल का? म्हशीच्या दाट दुधाचा चहा तुम्हाला पचत नाही, म्हणून शेळगावला जाताना स्वतःपुरतं दूध घेऊन जाता, एवढंच. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून आबा तुमच्याशी दोन वर्षं नीट बोलत नाहीतच. तुमचं आणखी काय बिघडणार आहे? माझं अजून बरं चाललं आहे.

ता. क. २. वरचं लिहून झालं आणि श्रेयाचा फोन आला. तिला म्हणे पहिल्यापासून दुधाच्या वासानेच मळमळतं, ती थेंबभरही पीत नाही. (मला सांगितलं असतं तर मी डाळी आणि अंड्यांवर बोलत बसलो असतो, म्हणून सांगितलं नाही.) आबांनी दिलेला पेला, ते पाठमोरे झाले की, ती परत कॅनमध्ये ओतते. ते दूध केंद्रावरून आमच्या डेअरीत येतं, तिथे मी ते पिशवीत भरतो आणि रविवारी शेळगावला पोचवतो. पिशवीतलं दूध ती पेल्यात ओतून, पेला कोमट पाण्यात ठेवून, संध्याकाळच्या धारेचं म्हणून आबांना देते. आबा मिशा पुसत म्हणतात, "तापवलेल्या दुधाला हाय का ही चव?"

ता. क. ३. तरीही वरचं लहानसं काम रद्द करता येणार नाही, कारण आबांना तुमचं नाव मी कालच सांगून टाकलं आहे. ते ऐकल्यावर काल ते पोटभर जेवले, असं सासूबाईंनी कळवलं. गुरुवारी सकाळी पहिल्या एसटीने ते तुम्हाला सभेला न्यायला सुप्याला येत आहेत. बॅटरीचा विषय तुम्ही काढू नका, आणि त्यांना चहा द्याल तो कोराच द्या.