माउंटखालचा माणूस

सोमवार, ३ तारीख

आजपासून मी कामाला लागले! शाळा सुटली ती सुटलीच, आता रडून काय करायचं. खाली आत्याचं फ्रेमचं दुकान, वर आम्ही राहणार. आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी बहीण चिंगी. चिंगीच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असतो, आणि माझं उलटं, अनोळखी माणूस दिसलं की घसाच कोरडा पडतो. आत्या म्हणाली, तुला हेच काम बरं, फ्रेमा उलट बोलत नाहीत.

आज ती बरंच शिकवत बसली. छापील चित्राला काच सरळ टेकली तरी चालते, पण हाताने काढलेल्या चित्राला मधे माउंट हवाच. माउंट म्हणजे जाड पुठ्ठा, त्यात चित्रापुरती खिडकी कापायची, म्हणजे काच रंगाला चिकटत नाही. फ्रेमची पट्टी चित्राकडे बघून निवडायची, गिऱ्हाइकाच्या सोफ्याकडे बघून नाही. दुपारी एक चष्मेवाला समुद्राचं छापील चित्र घेऊन आला आणि सोनेरी नक्षीची पट्टीच हवी म्हणून अडून बसला. आत्याने विचारलं, समुद्र भिंतीवर लावायचाय की लग्नाला न्यायचाय? तो हसत सुटला आणि साधी काळी पट्टी पसंत करून गेला. मला असं बोलता आलं असतं तर!

गुरुवार, ६ तारीख

एक बाई आल्या, हातात छत्री, बाहेर चक्क ऊन. त्यांच्याकडे जुनं रंगवलेलं चित्र होतं, फ्रेम आत्यानेच कधीतरी केलेली. जेवणाचं टेबल, भोवती रिकाम्या खुर्च्या. माउंटच्या डाव्या कडेला कोटाची बाही आणि एक खांदा दिसत होता. बाई हळूच म्हणाल्या, मागच्या वेळी तो पूर्ण झाकला होता, पुन्हा आत सरकलाय, माउंट अजून रुंद करा. आत्या म्हणाली दमट हवेने कागद सरकतो. पण हे बोलताना ती चित्राकडे बघत नव्हती.

बाई गेल्यावर तिने मला बजावलं. या चित्राचा जुना माउंट आधी काढायचा नाही. नवा वर ठेवायचा, मग जुना खालून ओढायचा. चित्र क्षणभरही उघडं पडता कामा नये. का ते सांगितलं नाही, आणि मी कुठली विचारतेय.

शनिवार, ८ तारीख

आत्या काचा आणायला गेली होती. नवा माउंट मीच कापला. छान कापला. मग वाटलं, एवढं हाताने काढलेलं चित्र, कुणी कधी पूर्ण बघितलंच नसेल. जुना माउंट उचलला.

माणूस शेवटच्या खुर्चीत बसलेला. कोटाची बटणंसुद्धा नीट रेखाटलेली, पण तोंड रंगवायचं राहून गेलेलं. तिथे नुसता कोरा कागद.

तेवढ्यात चिंगीने वरून भूक लागली म्हणून आरडाओरडा केला. तिला वाढून खाली आले तर खुर्ची रिकामी.

मी नवा माउंट ठेवला, काच लावली, मागून खिळे मारले. माउंटखाली कुणी आहे की नाही ते वरून कळतंय थोडंच. संध्याकाळी बाई घेऊन गेल्या. माझा हात दाबून थँक्यू म्हणाल्या. मी घाईघाईने त्यांची पावती फाडून दिली.

मंगळवार, ११ तारीख

चष्मेवाला तणतणत आला. म्हणाला, समुद्राच्या कोपऱ्यात हा कोण उभा केलाय, मी असं चित्र दिलं नव्हतं. आत्याला वाटलं डाग असेल. मी बघितलं. डाग नाही, कोट आहे. शनिवारी, तो न्यायला येईपर्यंत, ते चित्र माझ्याच टेबलाला टेकून ठेवलं होतं.

आत्या चित्र परत उघडायला बसली, तर कोपऱ्यात काहीच नव्हतं. नुसता समुद्र. चष्मेवाला डोळे चोळत बसला.

मग मी सांगून टाकलं. सगळं. आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली. म्हणाली, जिथे दिसेल तिथे त्याला झाक. माउंटखाली आहे तोवर तो ते चित्र सोडून जात नाही.

बुधवार, १२ तारीख

आत्या छत्रीवाल्या बाईंकडे गेली. अजून आली नाही. तिला फोन लावते, नुसता वाजत राहतो, कुणी उचलत नाही.

चिंगीने परवा आम्हा दोघींचं चित्र काढलं होतं, मेणखडूने, एकमेकींचा हात धरलेला. मी हौसेने फ्रेम केलं होतं. उरलेला माउंट पुरला नाही म्हणून तशीच काच टेकवली. आमच्या खोलीत लावलंय.

तो त्याच्यात आहे. डाव्या कडेला, चिंगीच्या मागे.

गुरुवार, १३ तारीख

चिंगी सकाळपासून बोलत नाही. चिंगी! उजवा हात अंगाशी घट्ट धरून बसली आहे, बर्फासारखा गार. फार विचारलं तेव्हा म्हणाली, काकांनी धरलाय.

डावीकडून माउंट रुंद कापला तर तिचा हातही खाली जाईल. मोजून बघितलं. परत मोजलं. एवढीशीसुद्धा जागा नाही —

दुपार

आत्या नाही.

कापायला बसले आणि बघते तर तो डावीकडे नाहीच. मधे आलाय. तिच्या आणि माझ्या मधे. आमचे हात सुटलेत, दोन्ही त्याच्या हातात आहेत. माझा उजवा हात गार पडतोय, डाव्याने लिहितेय.

माउंट कडा झाकतो. मधलं कसं —

दोन खिडक्या. एक तिची, एक माझी, मधे पट्टी. जोड माउंट. आत्याने दाखवला होता. पण मग ती तिकडे आणि मी —

नाही केलं तर तो तिला नेईल.

कापला. ठेवला. तो झाकला गेला. हातात ऊब आली!

चिंगी हाक मारतेय, ताई, ताई. तिचाही हात सुटला म्हणे. पण आवाज भिंतीमागून येतोय. इथे भिंत नव्हती. पांढरी, गुळगुळीत, वरपासून खालपर्यंत, दार कुठेच —

ती विचारतेय, ताई, तू कुठे आहेस. मी इथेच आहे गं, इथेच —

चित्र माझ्या हातात आहे. मधल्या पट्टीच्या कडेवर बोटं आली आहेत. चार. माझ्या बाजूला नाहीत, तिच्या —