बिसाइड करून दाखव

बाई,

खडू मोडला तरी मला तुमची आठवण येते, त्यामुळे आज आली यात नवल नाही. पण काल माझ्या वर्गात भांडण झालं आणि त्याला कारण तुम्ही, म्हणून लिहायला बसले.

चोपड्याच्या आपल्या शाळेत तुम्ही इंग्रजीची वाक्यं लिहून घेत नव्हतात, करून घ्यायचात. 'अंडर' म्हटलं की बाकाखाली शिरायचं, 'ऑन' म्हटलं की टेबलावर चढायचं. 'बिसाइड'च्या दिवशी पिंजाऱ्याची मुलगी शेवटच्या बाकावर एकटी बसलीय. वडील गाद्या भरायचे, तिच्या केसांत सदा कापसाचे तंतू. ते चिकटतील म्हणून तिच्याजवळ कुणी बसत नसे. तुम्ही मला उठवून तिकडे पाठवता. मी मधे दप्तर ठेवून बाकाच्या टोकाला टेकते. "हे निअर झालं," तुम्ही म्हणता, "वरणगाव भुसावळला जवळ आहे तसं. बिसाइड कर." मी जराशी सरकते. रागावलात की तुमचं खान्देशी बाहेर पडायचं. "दप्तर काय तुझा बॉडीगार्ड शे का? काढ ते!" अख्खा वर्ग हसला. खांद्याला खांदा लागला तेव्हा कुठे तुम्ही मान डोलावलीत. "हां. मधे काही नाही, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. आता वर्षभर हेच वाक्य." घरी आईनं माझ्या फ्रॉकवरचा कापूस झटकत तुमचा यथेच्छ उद्धार केला. ती पिंजाऱ्याची मुलगी आजही माझ्या घरी आली की न विचारता फ्रीज उघडते.

आता त्याच शाळेत मी इंग्रजी शिकवते, तशीच, करून घेत. सातपुड्यातल्या पाड्यावरची, वसतिगृहात राहणारी एक मुलगी माझ्या वर्गात आहे. काल तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीचे वडील आले. मोठे केळीवाले, बोलायला गोड. "मॅडम, आमचीला दुसरीकडे बसवा. हिच्या संगतीनं तिचं इंग्लिश बिघडेल." मागून मुख्याध्यापक खुणावताहेत, टाका करून. माझं डोकंच फिरलं. भर वर्गात, त्या पोरीच्या तोंडावर हे बोलणं! एकदा शेजारीण उठली की तिच्याजवळ पुन्हा कुणी बसणार नाही, हे मला पक्कं ठाऊक. म्हटलं, "भाऊ, तुमची पाणी प्यायला गेलीय, जागा रिकामी आहे. बसा तुम्ही. बघू किती बिघडतं." गृहस्थ चक्क बसले, अवघडून, अर्धे बाकाबाहेर. तर त्या पोरीनं काय करावं? आपली वही ओढून घेतली, भिंतीला चिकटली आणि म्हणाली, "काका, आत सरका, पडाल."

कुणी हसलं नाही. गृहस्थांनी तिच्या वहीकडे पाहिलं आणि उठून निघून गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "उद्या दाखला मागायला येतील बघा." मी म्हटलं, "येऊ देत. जागा बदलणार नाही." आवाज अगदी तुमच्यासारखा खणखणीत निघाला, बाई, तुम्ही ऐकायला हवा होता.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते वर जाताना तुम्ही सांगून गेला नाहीत, तेव्हा ते माझ्या पर्समध्येच राहणार. म्हणून बिनधास्त सांगते. आज सकाळी हजेरी घेताना केळीवाल्यांच्या मुलीचं नाव पुकारलं आणि मान वर करायची माझी छाती झाली नाही. "प्रेझेंट, मॅडम" ऐकू आलं, त्याच बाकावरून, तेव्हा वर केली.