तिसऱ्या अंकातली खुर्ची

मी, खाली सही करणारा, वय चौपन्न, धंदा विनोदी लेखन, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो की, ज्या खुर्चीत बसून हे लिहितो आहे तिचा डावा हात कित्येक महिने कुरकुरतो आहे. सुतार रोज "उद्या नक्की" म्हणतो. माणसाला स्वतःचं मरणसुद्धा शांतपणे लिहू देत नाहीत. असो. प्रकृती ठणठणीत आहे. फक्त संताप आहे, आणि डॉक्टरांच्या मते तो रक्तदाबाला वाईट. म्हणून ही निरवानिरव.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. माझं प्रत्येक नाटक पहिल्यांदा तिने ऐकलं, आणि बहुतेक वेळा जागेपणी.

कलम २. थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, बॅडमिंटन क्लबाचे अध्यक्ष. त्यांना माझ्या मिळकतीतली काडीही मिळू नये. कारण लिहून ठेवतो, नाहीतर ताई माझ्या फोटोला विचारत बसेल.

क्लबाच्या राजकारणावर मी नाटक लिहिलं. नटमंडळी आमच्याच गल्लीतली, हौशी. भावोजींनी क्लबाचा हॉल फुकट दिला. अट एकच, अध्यक्षाची भूमिका त्यांची. त्यांच्याविरुद्ध उभी राहणारी उमेदवार त्यांचीच मुलगी, माझी भाची. तिसऱ्या अंकात हात वर करून मतदान होतं, अध्यक्ष हरतो, खुर्ची सोडतो. तालमीत भावोजी रोज व्यवस्थित हरले. प्रयोगात मात्र सरळ पुढे आले आणि प्रेक्षकांना म्हणाले, "सभासदहो, हात वर!" प्रेक्षक म्हणजे सगळा क्लबच. सवयीने हात वर गेले.

भाची हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही हरलाय."

"घरी बोलू."

"घरी नाही, इथेच. पुढचं वाक्य माझं आहे."

"पडदा!" भावोजी गरजले. पडद्याची दोरी क्लबाच्या शिपायाच्या हातात. पडला.

दुसऱ्या दिवशी क्लबाच्या फळ्यावर: अध्यक्षांची एकमताने फेरनिवड. मी चिटणिसांना जाब विचारला. ते म्हणाले, "अहो, गणसंख्या तर पुरी होती!" या निर्लज्जपणापुढे माझं विनोदी लेखन म्हणजे पोरखेळ.

कलम ३. नाटकाचे सर्व हक्क भाचीला. त्या दिवसापासून ती पुढच्या प्रयोगाच्या तालमीला फिरकलेली नाही. "मामा, मला नाही जमायचं," म्हणते. न जमायला काय झालं? बापाने तोंडातून हिसकावलेलं वाक्य तिचं आहे: "उठा. ही खुर्ची तुमची नाही." ते तिने त्याच हॉलमध्ये, खणखणीत म्हणावं. भावोजींना पहिल्या रांगेत बसवावं, हात मांडीखाली. दोरी आपल्या माणसाकडे.

कलम ४. ती खुर्ची खरोखरच त्यांची नाही. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडून मी एका प्रयोगापुरती मागून आणली होती. गोल फिरणारी, मान टेकायला उशी. भावोजी अजून तिच्यात बसून सभा घेतात. सभासदांची बिनपाण्याने करायला सोयीची पडते. न्हावी एकदाच म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक स्टुलावर मान मागे टाकतं. पडेल हो एखादं." पुन्हा विषय काढला नाही. माझी दाढी मात्र पूर्वीइतक्याच हलक्या हाताने करतो.

सबब माझी लिहिण्याची खुर्ची त्याला. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहायला लावणं बरं नव्हे. हे कलम लिहीत असतानाच सुतार आला. हात आता कुरकुरत नाही.

साक्षीदार: १. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई, प्रयोगातल्या प्रॉम्प्टर. २. सुतार, सही करून खुर्चीची पुढची बाजू धरणार, मागची मी.

तारीख: क्लबाच्या वार्षिक सभेचा दिवस. गेलो नाही.

ठिकाण: राहतं घर, खिडकीपाशी.

सही (उभ्याने केली आहे)