न दाबता बदललेला भाव

भालकी, शुक्रवार, २००९

अडत दुकान सांभाळणाऱ्या अक्काला तुरीच्या भावाचं वेबपान मीच बनवून दिलेलं. नवा भाव बघायला दर वेळी एफ-फाइव्हचं बटण दाबावं लागायचं. आज नवी पद्धत जोडली. आता पान तसंच राहतं, आकडा तेवढा आपोआप बदलतो. जुनं काढून टाकावं का? न्हाई काढलं. लाइन अडखळली तर एफ-फाइव्ह आहेच.

आकडा बदलला तेव्हा अक्काचं बोट एफ-फाइव्हवरच होतं. "अरे तम्मा, म्या दाबलंच न्हाई की!" कोड माझाच, तरी माझंही तोंड उघडंच राहिलं.

नव्या वजनकाट्याला लावतात तशी अक्कानं मॉनिटरला विभूती लावली. मग थांबली, अन् एफ-फाइव्हलाही लावली.

"ह्याला कामून इसरायचं? इतके दिस ह्यानंच दावलं."